चुकण्याची ऐपत



लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो घ्यायला कोणी पुढे येईना. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. ही गोष्ट महाराष्ट्रात अनेकदा सांगितली जाते आणि दर वेळी तिचे तात्पर्य चिकाटी असे काढले जाते. चिकाटी होतीच. पण चिकाटीवर कामगारांचे पगार होत नाहीत आणि कच्चे लोखंडही येत नाही. म्हणून याच गोष्टीतला एक वेगळा प्रश्न मला आज विचारायचा आहे : ती दोन वर्षे निघाली कशावर? मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असतानाच लक्ष्मणराव तिथून सायकली घेऊन बेळगावला धाडत. बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत आणि लोकांना सायकल चालवायलाही शिकवत. पुढे नोकरी सुटली आणि छोटा कारखाना निघाला, तेव्हा नांगराच्या जोडीला कडबा कापायचे यंत्र होते. त्या घराची सगळी भिस्त एकट्या नांगरावर नव्हती. नांगराबद्दलचा अंदाज दोन वर्षे खोटा ठरत राहिला, तरी घर मोडले नाही आणि कारखान्याला कुलूप लागले नाही. या बळाला मी चुकण्याची ऐपत म्हणतो. नवा उद्योग काढणारा माणूस टिकतो की बुडतो, हे माझ्या मते इतर कशाहीपेक्षा या ऐपतीवर जास्त ठरते.

असे मी का म्हणतो, ते नीट मांडले पाहिजे. स्टार्टअप म्हणजे सुरुवातीला अंदाजांची एक चळत असते. ही अडचण लोकांना खरोखर भासते, ती सोडवण्यासाठी ते पैसे मोजतील, एवढ्या किमतीला घेतील, एवढ्या खर्चात आपण ती वस्तू करू शकू, आणि गिऱ्हाइकापर्यंत या मार्गाने पोहोचू, असे पाच-सहा अंदाज एकावर एक रचलेले असतात. ते सगळे पहिल्याच झटक्यात बरोबर निघाले, असे जवळजवळ कधीच होत नाही. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाचे आकडे अनेक वर्षे साधारण सारखेच आहेत : नव्या व्यवसायांपैकी सुमारे २० टक्के पहिल्या वर्षातच बंद पडतात, पाच वर्षांत निम्मे आणि दहा वर्षांत जवळपास दोन तृतीयांश. बंद पडलेल्या स्टार्टअपच्या संस्थापकांची कैफियत गोळा करणाऱ्या सीबी इन्साइट्स या संस्थेच्या पाहण्यांत दोन कारणे पुन्हा पुन्हा वर येतात : बाजाराला त्या वस्तूची गरजच नव्हती, आणि पैसे संपले. ही कारणे वेगवेगळी मोजली जात असली तरी मला ती एकाच घटनेची दोन टोके वाटतात. कोणाला न लागणारी वस्तू केली ही चूक, आणि ती सुधारण्याआधी पैसे संपले हा तिचा शेवट. चूक आणि शेवट यांच्यामध्ये जेवढे दिवस मिळतात, तेवढ्यात सगळे काही करायचे असते.

ही ऐपत दोन गोष्टींवर अवलंबून असते : हाताशी पैसा किती आहे, आणि एक चूक केवढ्याला पडते. आपल्याकडची सगळी चर्चा पहिल्या गोष्टीभोवती फिरते. अमक्या कंपनीला किती निधी मिळाला, तिचे मूल्यांकन किती झाले, याच्या बातम्या होतात. २०२१ साली भारतात एका वर्षात चाळीसहून अधिक कंपन्या युनिकॉर्न, म्हणजे अब्ज डॉलर मूल्यांकनाच्या, झाल्या, तेव्हा तर ही चर्चा टिपेला पोहोचली होती. दुसऱ्या गोष्टीची बातमी होत नाही. पण पैसा बाहेरून यायचा असतो, तो कोणी देईल किंवा देणारही नाही. चूक स्वस्तात करणे मात्र पुष्कळ अंशी संस्थापकाच्या हातात असते. तेच त्याचे मुख्य कौशल्य आहे.

पुण्यातले उदाहरण पाहू. कैलास काटकर यांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात काम शिकून त्यांनी १९९०च्या सुमारास स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. पुढे संगणक दुरुस्तीला येऊ लागले आणि त्यांतले बरेचसे व्हायरसने बिघडलेले असत. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी या व्हायरसवर उपाय करणारी प्रणाली लिहिली आणि त्यातून क्विक हील उभे राहिले. या क्रमाकडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. बाजारात गरज आहे का, याची पाहणी करण्यासाठी काटकर बंधूंना वेगळा खर्च करावा लागला नाही. गरज रोज दुकानाच्या फळीवर येऊन पडत होती आणि वर दुरुस्तीचे पैसेही देऊन जात होती. आपली प्रणाली चालते की नाही, हे त्याच फळीवर त्याच दिवशी कळत होते. एखादी आवृत्ती फसली तरी दुरुस्तीचे दुकान चालूच होते. सिक्वोया कॅपिटलची सुमारे ६० कोटींची गुंतवणूक आली ती २०१० साली, आणि कंपनी शेअर बाजारात आली २०१६ साली. म्हणजे मोठा पैसा येण्याआधी जवळपास दोन दशके चुकायला आणि सुधारायला मिळाली होती, आणि त्या शिक्षणाची फी गिऱ्हाइकांनीच भरली होती.

यावर एक आक्षेप ताबडतोब येईल आणि तो वजनदार आहे. दुरुस्तीच्या दुकानाचा काळ गेला, असे कोणी म्हणेल. आज ज्याचा वेग जास्त त्याचाच बाजार, आणि हळूहळू शिकत बसणाऱ्याला कोट्यवधी डॉलर घेऊन आलेला स्पर्धक गिळून टाकतो. वेगाचे महत्त्व मी नाकारत नाही. प्रश्न एवढाच आहे की वेग कधी घ्यायचा. कॅलिफोर्नियातल्या वेबव्हॅन या कंपनीने १९९९च्या जूनमध्ये घरपोच किराण्याची सेवा सुरू केली आणि काही आठवड्यांतच देशभर प्रचंड गोदामे बांधण्याचे एक अब्ज डॉलरचे कंत्राट बेक्टेल कंपनीशी केले. पहिल्या शहरातली गिऱ्हाइके परत परत येतात का, एका ऑर्डरमागे नफा सुटतो की तोटा, हे कळायच्या आत घरपोच किराणा चालेल हा अंदाज एका शहराऐवजी अनेक शहरांत लावला गेला. तो चुकला आणि जुलै २००१मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. घरपोच किराण्याची कल्पना खोटी नव्हती. आज ती आपल्या गल्लीपर्यंत आली आहे. वेबव्हॅनने ती चूक परवडणार नाही एवढ्या मोठ्या आकारात केली, हे तिच्या नाशाचे कारण. याउलट फ्लिपकार्ट २००७च्या ऑक्टोबरमध्ये बेंगळुरूत सुरू झाली ती संस्थापकांच्या सुमारे चार लाख रुपयांवर आणि फक्त पुस्तकांपासून. पुस्तक नाशवंत नाही, फुटत नाही, मापात चुकत नाही आणि परत आले तरी फारसे नुकसान होत नाही. ऑनलाइन विक्री शिकण्यासाठी यापेक्षा स्वस्त चुकीची वस्तू मिळणे कठीण. ॲक्सेल या गुंतवणूकदार संस्थेचे पहिले दहा लाख डॉलर आले २००९ साली, आणि भारतीय गिऱ्हाईक आधी पैसे भरायला कचरते हे ओळखून माल हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय आली २०१०मध्ये. वेग त्यानंतरचा. २०१८ साली वॉलमार्टने १६ अब्ज डॉलर देऊन तिचा ७७ टक्के हिस्सा घेतला, ती वेगाच्या काळातली फ्लिपकार्ट होती. पण तो वेग आधीच्या लहान चुकांवर उभा होता.

काही क्षेत्रांत लहान चूक शक्यच नसते, हे मात्र मान्य केले पाहिजे. औषध, चिप, अग्निबाण यांत पहिले पाऊलच कोट्यवधींचे असते. तिथेही टिकणारे लोक मोठ्या चुकीचे तुकडे पाडतात : स्कायरूट कंपनीने नोव्हेंबर २०२२मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेला विक्रम-एस हा कक्षेत न जाणारा, चाचणीपुरता अग्निबाण होता.

दुसरा आक्षेप आपल्या मनाच्या फार जवळचा आहे. परतीचे दोर कापल्याशिवाय गड सर होत नाही, असे आपण म्हणतो. नोकरी सोड, सगळे पणाला लाव, मगच काही घडेल, असा सल्ला तरुणांना दिला जातो आणि त्याला सिंहगडाचा दाखला दिला जातो. हा दाखला आपण अर्धाच वापरतो. परंपरेने सांगितलेला प्रसंग आठवा. दोर कापले गेले ते मावळे कडा चढून वर पोहोचल्यावर, तानाजी पडल्यावर, लढाई गडाच्या माथ्यावर चालू असताना. पायथ्याशी उभे राहून कोणी दोर कापले नव्हते. तसे केले असते तर कोणी वर गेलेच नसते. त्याहून महत्त्वाचे असे की हाच सिंहगड, म्हणजे तेव्हाचा कोंढाणा, शिवाजी महाराजांनी पाच वर्षांपूर्वी तह करून सोडला होता. जून १६६५च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले दिले आणि १२ राखले. सगळे पणाला लावून मिर्झाराजांच्या फौजेशी तेव्हाच निकराची लढाई दिली असती, तर १६७० साली कोंढाणा घ्यायला कोण उरले असते? तहात जे गेले ते परत मिळवता आले, कारण राखण्यासारखे होते ते राखले होते. इतिहासातला प्रसंग धंद्याला जसाच्या तसा लावावा असे मी म्हणत नाही. पण ज्या प्रसंगाच्या नावाने आपण तरुणांना घर-दार पणाला लावायला सांगतो, त्या प्रसंगाची साक्ष आपल्या सल्ल्याच्या बाजूने नाही.

आकड्यांची साक्षही नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोसेफ रॅफी आणि जिए फेंग या अभ्यासकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नोकरी सांभाळून व्यवसाय सुरू करणारे आणि नोकरी सोडून उडी घेणारे यांची तुलना केली. आधी नोकरी ठेवून मग पूर्णवेळ उतरलेल्यांमध्ये व्यवसाय बंद पडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून बेळगावला सायकली पाठवून जे केले, तेच हे. वयाबद्दलचा समजही असाच तपासून घ्यावा. पिएर अझुले आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २७ लाख संस्थापकांची माहिती तपासली. हजारात एक अशा सर्वांत वेगाने वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांचे सुरुवातीच्या वेळचे सरासरी वय ४५ निघाले. विशीतल्या मुलाकडे उत्साह असतो. चाळिशीतल्या माणसाकडे त्या धंद्यातली ओळख असते, थोडी शिल्लक असते आणि इतरांनी केलेल्या चुका त्याने पगार घेऊन पाहिलेल्या असतात. म्हणजे त्याची ऐपत जास्त असते.

येथे कोणी म्हणेल, मग चुका करतच राहाव्यात, अपयश ही यशाची पहिली पायरी आहेच. हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो आणि स्टार्टअपच्या मेळाव्यांत ते फार वापरले जाते. पुरावा इतका उदार नाही. हार्वर्डच्या पॉल गोम्पर्स आणि सहकाऱ्यांनी साहसी भांडवलावर उभ्या राहिलेल्या कंपन्यांचा अभ्यास केला, तेव्हा आधी यशस्वी झालेल्या संस्थापकाला पुन्हा यश मिळण्याची शक्यता ३० टक्के निघाली, अगदी नवख्याची १८ टक्के आणि आधी अपयशी ठरलेल्याची २० टक्के. नवख्यात आणि पडून उठलेल्यात जेमतेम दोन टक्क्यांचा फरक. नुसते पडल्याने माणूस फारसा शिकत नाही, असाच याचा अर्थ होतो. मग शिकतो कशाने? इटलीत ११६ नव्या उद्योगांवर केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. अर्नाल्दो कामुफो आणि सहकाऱ्यांनी संस्थापकांचे दोन गट केले. दोघांनाही व्यवसायाचे प्रशिक्षण दिले. फक्त एका गटाला जास्तीचे एवढेच शिकवले की आपला अंदाज आधी स्पष्ट शब्दांत मांडा, तो खोटा ठरला हे कशावरून ओळखाल ते ठरवा, आणि मग तपासा. या गटाची कामगिरी सरस ठरली आणि आपली कल्पना बदलण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. चूक उपयोगी पडते ती अशी आधी लिहून ठेवलेली असेल तर. ‘तीन महिन्यांत पन्नास गिऱ्हाइके पैसे भरून घेतील’ असे वहीत लिहिले आणि सातच आली, तर काहीतरी कळते. काहीच लिहिले नसेल तर सात गिऱ्हाइकांतही आशा सापडते, आणि पुढचे सहा महिने त्या आशेवर जातात.

थांबायचे कधी, हेही यातच आले. कॅनडाचे स्ट्युअर्ट बटरफील्ड यांची कंपनी ग्लिच नावाचा ऑनलाइन खेळ चालवत होती. २०१२च्या अखेरीस त्यांनी तो बंद केला, तेव्हा बँकेत अंदाजे ५० लाख डॉलर शिल्लक होते. खेळ बनवताना आपापसांत बोलण्यासाठी त्यांच्याच लोकांनी जे साधन तयार केले होते, ते त्यांनी या शिलकीवर २०१३मध्ये लोकांसमोर आणले. तेच स्लॅक, पुढे सेल्सफोर्सने २७ अब्ज डॉलरहून अधिक मोजून ते घेतले. खेळ आणखी वर्षभर रेटला असता तर स्लॅकला वेळ मिळाला नसता. जिद्द आणि हट्ट यांतला फरक बाहेरून दिसत नाही, असे म्हणतात. वहीत लिहिलेला अंदाज आणि खात्यातली शिल्लक समोर ठेवली तर तो पुष्कळसा दिसतो.

दुसऱ्याचा पैसा ऐपत वाढवतो, हे मात्र नेहमीच खरे नसते. भागभांडवल चूक सोसते. कर्ज सोसत नाही, त्याचा हप्ता तारखेला द्यावा लागतो. बायजूजने २०२१मध्ये १.२ अब्ज डॉलरचे कर्ज उभारले आणि त्याच काळात मोठ्या कंपन्या विकत घेतल्या. २०२२मध्ये तिचे मूल्यांकन २२ अब्ज डॉलर होते आणि जुलै २०२४मध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेतली गेली. त्या प्रकरणातले दोष कोणाचे, हे न्यायालये पाहतील. करोनाच्या काळातली ऑनलाइन शिकवणीची मागणी तशीच राहील, हा अंदाज तिथे कर्जाच्या आकाराने धरला गेला होता, एवढे आकड्यांवरूनच दिसते.

आता सर्वांत कठीण आक्षेपाकडे येतो. ऐपत हा शब्दच श्रीमंताचा आहे. ज्याच्या घरी शेती आहे, फ्लॅट आहे, वडिलांचे पेन्शन आहे, त्याला चुकता येते. ज्याला महिन्याच्या पगारातून बहिणीची फी भरायची आहे, त्याने काय करावे? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला संस्थापकापुरते उत्तर नाही. चूक लहान करा, अंदाज लिहा, नोकरी सांभाळा, हे सगळे करूनही गरिबाच्या मुलाला एक-दोनच संधी मिळतात आणि सधन घरातल्या मुलाला पाच-सहा. तेव्हा हा प्रश्न समाजाकडे येतो. किर्लोस्करांच्याच गोष्टीत तो येतो. बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जागा आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, आणि १९१०मध्ये त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. एका लहान संस्थानाच्या राजाने एका कारखानदाराची चुकण्याची ऐपत वाढवली.

आज राजे नाहीत; कायदे, बँका आणि गिऱ्हाईक कंपन्या आहेत. यांतले काय ऐपत वाढवते आणि काय खच्ची करते, ते पाहा. २००० साली स्थापन झालेल्या क्रेडिट गॅरंटी ट्रस्टमुळे लहान उद्योगाला तारणाशिवाय कर्ज मिळण्याची वाट झाली, हे मोठे काम आहे. २०१६च्या जानेवारीत स्टार्टअप इंडिया सुरू झाल्यापासून मान्यताप्राप्त स्टार्टअपची संख्या दीड लाखाच्या पुढे गेली. पण धंदा बुडाल्यावर माणसाचे काय होते, तिकडे आपण कमी पाहिले. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली की जबाबदारी मर्यादित होते, असे पुस्तकात लिहिले आहे. बँकेत गेले की संचालकाची वैयक्तिक हमी मागितली जाते आणि ती मर्यादा तिथेच संपते. २०१६च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य व्यक्तीला कर्जातून मोकळे होऊन नव्याने सुरुवात करता यावी, यासाठी एक भाग आहे. तो आजवर कंपनीच्या कर्जाला हमी दिलेल्यांपुरताच लागू झाला. बाकीच्यांसाठी १९०९ आणि १९२० सालचे इंग्रजी अमदानीतले कायदे आहेत. ज्याची एकच चूक आयुष्यभर फिटत नाही, तो चूक करण्याच्या वाटेलाच जाणार नाही, आणि ते त्याचे शहाणपणच असेल.

याहूनही रोजचा जाच उधारीचा आहे. चाकण, भोसरी, अंबड, वाळूज, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत नव्या पुरवठादाराला पहिली ऑर्डर मिळते, तो माल देतो, आणि मग बिलासाठी हेलपाटे सुरू होतात. कधी माल मिळाल्याच्या नोंदीची (जीआरएन) अडचण, कधी मंजुरी देणारे साहेब रजेवर, कधी पुढच्या महिन्याच्या पेमेंट रनमध्ये बघू. तोवर मालाचे पैसे, पगार आणि जीएसटी त्याच्या खिशातून गेलेले असतात. त्याचा अंदाज बरोबर ठरलेला असतो, वस्तू चांगली असते, गिऱ्हाईक समाधानी असते, आणि तरीही त्याचे खेळते भांडवल संपते. चूक न करताही ऐपत संपते, याहून अन्याय्य काय असेल? २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. आता प्राप्तिकर कायद्यानेही अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येत नाही. कायदा इतका स्पष्ट असूनही लहान पुरवठादार सहसा तक्रार करत नाही, कारण तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते, हे त्याला माहीत असते. म्हणून हे काम कायद्यावर सोडून भागणार नाही. नव्या उद्योजकांचे सत्कार आपण करतो, त्यांना व्यासपीठावर बोलावतो, शाल-श्रीफळ देतो. त्यांच्या खात्यात वेळेवर आलेले पैसे त्यांना सत्काराहून कितीतरी जास्त दिवस जगवतात.

या सभागृहात कारखान्यांचे, कार्यालयांचे, सहकारी संस्थांचे, शिक्षणसंस्थांचे खरेदी आणि लेखा विभाग सांभाळणारे अनेकजण बसले असतील. माझी विनंती त्यांना आहे. उद्या सकाळी कामावर गेल्यावर अडकलेल्या बिलांची फाईल मागवा, त्यातली लहान पुरवठादारांची ४५ दिवसांपलीकडची बिले वेगळी काढा, आणि बाकीच्या कामाला हात घालण्याआधी त्यांच्यावर सही करा.